बेसबॉलमधले अचाट पराक्रम आणि अजब किस्से: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोहेई ओटानी या जपानी बेसबॉलपटूच्या क्लिप्स व्हॉट्सॲपवर फिरायला लागल्यापासून क्रिकेटवेड्या मंडळींचे बेसबॉलबद्दलचे प्रश्न वाढलेत. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. 'मेजर लीग' म्हणजे अमेरिका-कॅनडातली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा. प्रश्न कुठल्याही क्रमाने वाचा, पण खेळ नवा असेल तर १ आणि २ आधी वाचून घ्या.

१. बेसबॉल कधी पाहिलाच नाही. हे किस्से कळण्यापुरतं किती माहीत हवं?

फार नाही. नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ, नऊ इनिंग. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने बॅटिंग करतात. तीन जण बाद झाले की पाळी संपली. म्हणजे पूर्ण सामन्यात एका संघाचे २७ बाद. पिचर चेंडू टप्पा न पाडता फेकतो. चेंडू ठरलेल्या टापूतून गेला, किंवा बॅट फिरवूनही लागला नाही, तर 'स्ट्राइक'. तीन स्ट्राइक म्हणजे बाद, तो 'स्ट्राइकआउट'. टापूबाहेरचा चेंडू बॅटरने सोडला तर 'बॉल'. असे चार झाले की बॅटर आरामात पहिल्या बेसवर जातो, तो 'वॉक'. तिन्ही बेसना पाय लावून होम प्लेटला (बॅटर उभा असतो तिथे) परतलं की एक धाव. चेंडू कुंपणावरून थेट बाहेर गेला तर होम रन, आणि त्या वेळी बेसवर असलेले सगळेच घरी येतात. नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर जादा इनिंग.

२. नो-हिटर आणि परफेक्ट गेम यांत फरक काय?

नो-हिटरमध्ये समोरच्या संघाला फटक्याच्या जोरावर (म्हणजे 'हिट' मारून) एकदाही बेस गाठता येत नाही. मात्र वॉक किंवा फिल्डरची चूक यामुळे कुणी बेसवर पोचला तरी चालतं. परफेक्ट गेममध्ये तेही चालत नाही: २७ आले, २७ गेले. त्यामुळे पिचरची कामगिरी चोख असूनही शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या) हातून एक चेंडू सुटला की परफेक्ट गेम संपतो. नो-हिटर टाकूनही सामना हरता येतो, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. पण वॉक, चूक आणि चोरलेले बेस (पिचर चेंडू फेकत असताना धावून गाठलेला पुढचा बेस) यांतून धाव होऊ शकते, आणि झालेलीही आहे.

३. आतापर्यंत परफेक्ट गेम किती झाले?

मेजर लीगच्या अधिकृत यादीत २०२५चा मोसम संपेपर्यंत २४. पहिले दोन १८८० सालच्या जूनमध्ये पाच दिवसांच्या अंतराने झाले आणि मग तिसऱ्यासाठी १९०४पर्यंत थांबावं लागलं. सगळ्यात अलीकडचा यांकीजच्या डॉमिंगो हर्मानचा, २८ जून २०२३. एकाही पिचरला हे दोनदा साधलेलं नाही.

यातला सर्वांत प्रसिद्ध डॉन लार्सनचा. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी, थेट वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगच्या अंतिम फेरीच्या) पाचव्या सामन्यात, त्याने ब्रुकलिन डॉजर्सचे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर परत पाठवले. वर्ल्ड सिरीजमधला हा एकमेव परफेक्ट गेम. गंमत अशी, की दोनच वर्षांपूर्वी, १९५४च्या मोसमात, याच लार्सनने ३ सामने जिंकून २१ हरले होते (बेसबॉलमध्ये जय-पराजय पिचरच्या नावावर लागतो). कारकीर्द संपली तेव्हाही त्याचे पराभव विजयांपेक्षा जास्तच होते. बेसबॉलच्या विक्रमांच्या यादीत थोरांच्या शेजारी असे पाहुणे बरेच सापडतात. यादीत न बसलेल्यांसाठी प्रश्न १४ ते १६ पाहा.

४. सर्वाधिक होम रन कुणाचे? दोन-तीन वेगवेगळी नावं ऐकली आहेत.

प्रश्न कुठल्या लीगचा आहे, यावर उत्तर ठरतं. मेजर लीगमध्ये बॅरी बॉन्ड्स, ७६२. त्याच्यावरच्या उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांमुळे अनेक चाहते आजही हँक ॲरनच्या ७५५लाच खरा विक्रम मानतात. व्यावसायिक बेसबॉलचा एकूण विचार केला तर जपानमध्ये सादाहारू ओ यांनी ८६८ मारले. जपानी लीगची पातळी वेगळी, असं म्हणून अमेरिकन मंडळी तो आकडा बाजूला ठेवतात. ठेवोत. ८६८ म्हणजे ८६८.

बॅटिंग सरासरीच्या (दर बॅटिंगमागे किती हिट) बाबतीत तर विक्रमवीरच बदलला आहे. वर्णभेदामुळे मेजर लीगची दारं बंद असलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीग्जचे आकडे २०२४मध्ये अधिकृत नोंदीत धरले गेले, आणि कारकिर्दीच्या सरासरीत जॉश गिब्सन (.३७२) टाय कॉबच्या (.३६७) पुढे गेला. तेव्हा गिब्सनला जाऊन ७७ वर्षं झाली होती.

५. बॉन्ड्सला तिन्ही बेस भरलेले असताना मुद्दाम वॉक दिला होता, हे खरं का?

खरं. २८ मे १९९८, नववी इनिंग, दोन बाद. ॲरिझोना डायमंडबॅक्सकडे ८-६ अशी आघाडी, तिन्ही बेसवर बॉन्ड्सच्या जायंट्स संघाचे खेळाडू आणि समोर बॉन्ड्स. मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी त्याला खेळूच दिलं नाही; एक धाव आंदण देऊन ८-७ करून घेतले आणि पुढच्या बॅटरला बाद करून सामना जिंकला. बॅटरला दिलेला यापेक्षा मोठा मान शोधून सापडणार नाही.

६. कुठला विक्रम कधीच मोडणार नाही?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. लोक सहसा ज्यो डिमॅजिओचं नाव घेतात: १५ मे ते १६ जुलै १९४१, सलग ५६ सामन्यांत किमान एक हिट. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने दोनदा अप्रतिम चेंडू अडवून ही मालिका तोडली. दुसऱ्या दिवसापासून डिमॅजिओने आणखी सलग १६ सामन्यांत हिट मारली, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यानंतर सगळ्यात जवळ पोचला तो पीट रोझ, १९७८मध्ये ४४ सामने. अवघड आहे, पण एखाद्याला दोन महिने सूर गवसला तर अशक्य नाही.

अशक्य म्हणायचं तर साय यंगचे ५११ विजय. वीस वर्षं दरवर्षी पंचवीस सामने जिंकले तरी ५०० होतात. आजच्या पिचरला मोसमात साधारण तीसेक सामन्यांत सुरुवात करायला मिळते, आणि त्यातही पाच-सहा इनिंगनंतर त्याला बाहेर काढतात. खेळाची पद्धतच बदलल्यामुळे हा विक्रम आता कुणाच्या आवाक्यात राहिलेला नाही.

माझं मत विचाराल तर जॉनी व्हँडर मीर. सिनसिनाटीच्या या पिचरने ११ जून १९३८ला नो-हिटर टाकला आणि चारच दिवसांनी, पुढच्याच सामन्यात, ब्रुकलिनविरुद्ध दुसरा. तो दुसरा सामना ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर प्रथमच प्रकाशझोतात खेळला गेला होता. त्याचा विक्रम मोडायला सलग तीन नो-हिटर हवेत. कारकिर्दीत विक्रमी सात नो-हिटर टाकणाऱ्या नोलन रायनलाही सलग दोन जमले नाहीत.

७. ओटानी खरंच इतका वेगळा आहे, की नुसता गाजावाजा?

वेगळा आहे. २०२४मध्ये त्याने ५४ होम रन मारले आणि ५९ बेस चोरले. एका मोसमात ५०-५० याआधी कुणीच केलं नव्हतं. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षी तो पिचिंग करत नव्हता. पुढच्या वर्षी पिचिंगला परतला आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी मिलवॉकीविरुद्ध, डॉजर्सना वर्ल्ड सिरीजमध्ये नेणाऱ्या सामन्यात, एकाही धावेची भीक न घालता १० स्ट्राइकआउट घेतले आणि स्वतः तीन होम रन मारले. बेब रूथशी तुलना होते कारण तोही सुरुवातीला उत्तम पिचर होता. पण बॅटर म्हणून बहरल्यावर रूथने पिचिंग जवळजवळ सोडूनच दिलं. (रूथ पिचर असतानाचा एक उद्योग प्रश्न १६मध्ये.)

८. कुणी भारतीय व्यावसायिक बेसबॉल खेळला आहे का?

हो. २००८मध्ये भारतात जोरात चेंडू फेकणाऱ्यांचा शोध घेणारी एक स्पर्धा झाली. त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पुढे आले. दोघांची पार्श्वभूमी भालाफेकीची, बेसबॉलचा गंधही नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं आणि २००९मध्ये ते तिथल्या खालच्या लीगमध्ये सामने खेळले. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. रिंकू दुखापतींनंतर व्यावसायिक कुस्तीकडे वळला आणि 'वीर महान' या नावाने गाजला.

९. तीन बाद झाले की इनिंग संपते, मग एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआउट कसे?

तिसरा स्ट्राइक कॅचरने झेलला नाही आणि पहिला बेस रिकामा असला (किंवा आधीच दोन बाद असले), तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकतो. पोचला तर तो नाबाद, पण पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट जमा. मग आणखी तीन घ्यायला पिचर मोकळा. हे वाटतं तितकं दुर्मीळही नाही.

१०. एकाच फिल्डरने एकट्याने तिघांना बाद केलंय का?

केलंय, पण वर्ल्ड सिरीजमध्ये एकदाच. १० ऑक्टोबर १९२०, क्लीव्हलंड विरुद्ध ब्रुकलिन, पाचवी इनिंग. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवरचे दोघेही धावत सुटलेले. क्लीव्हलंडच्या बिल वॉम्ब्सगान्सने उडी मारून झेल घेतला (एक), दुसऱ्या बेसवरचा धावक परतायच्या आत त्या बेसला पाय लावला (दोन), आणि वळून पाहतो तो पहिल्या बेसवरून आलेला ऑटो मिलर समोर थिजून उभा! त्याला चेंडू टेकवला (तीन). कुणाला पास देण्याची गरजच पडली नाही. याच सामन्यात क्लीव्हलंडच्या एल्मर स्मिथने तिन्ही बेस भरलेले असताना होम रन मारला. वर्ल्ड सिरीजमधला तसा तो पहिलाच.

त्या संघासाठी ते वर्ष विचित्र होतं. दोन महिन्यांपूर्वी, १६ ऑगस्टला, त्यांच्या रे चॅपमनच्या डोक्यावर यांकीजच्या कार्ल मेझचा चेंडू आदळला आणि दुसऱ्या दिवशी चॅपमन गेला. हेल्मेट सक्तीचं व्हायला त्यानंतर कित्येक दशकं लागली.

११. सर्वांत लांबलेला सामना कोणता?

मेजर लीगमध्ये इनिंगच्या हिशेबाने १ मे १९२०चा ब्रुकलिन-बोस्टन: २६ इनिंग, १-१, अंधारामुळे अनिर्णित. लिऑन कॅडोर आणि ज्यो ओशगर हे दोन्ही पिचर पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत टिकले. वेळ लागला चार तासांहूनही कमी.

पण खरा किस्सा खालच्या लीगमधला आहे. १८ एप्रिल १९८१, ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेट, विरुद्ध रॉचेस्टर. ईस्टरच्या आदल्या रात्रीची कडाक्याची थंडी. ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही, असा लीगचा नियम होता. पण अंपायरकडच्या त्या वर्षीच्या प्रतीत तो छापायचाच राहून गेला होता. झालं, खेळ चालूच. खेळाडूंनी ऊब मिळवायला मोडक्या बॅटी जाळल्या. २१व्या इनिंगमध्ये रॉचेस्टरने आघाडी घेतली, सगळ्यांना वाटलं सुटलो. तेवढ्यात पॉटकेटच्या वेड बॉग्सने पुन्हा बरोबरी करून दिली. स्वतःच्याच संघातल्या किती जणांनी त्याला मनातून शिव्या घातल्या असतील, देव जाणे. अखेर लीगच्या अध्यक्षांशी फोनवर संपर्क झाला आणि पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ इनिंगनंतर, खेळ थांबला. तेव्हा स्टेडियममध्ये १९ प्रेक्षक उरले होते. त्यांना मोसमाचे पास देण्यात आले. २३ जूनला सामना पुढे सुरू केला आणि ३३व्या इनिंगमध्ये १८ मिनिटांत पॉटकेटने ३-२ असा जिंकला. एकूण ८ तास २५ मिनिटं. रॉचेस्टरकडून तिसऱ्या बेसवर होता कॅल रिपकेन, जो पुढे मेजर लीगमध्ये सलग २,६३२ सामने खेळला. सराव चांगला झाला होता म्हणायचा.

१२. साडेतीन फुटांचा बॅटर मैदानात उतरवला होता, ही थाप ना?

थाप नाही. १९ ऑगस्ट १९५१. सेंट लुई ब्राउन्स हा तळाचा संघ, मालक बिल व्हेक. प्रेक्षक खेचण्यासाठी काय वाटेल ते करणारा माणूस. त्याने ३ फूट ७ इंच उंचीच्या एडी गडेलशी रीतसर करार केला, पाठीवर '१/८' हा नंबर दिला आणि डेट्रॉइटविरुद्ध त्याला बॅटिंगला पाठवलं. अंपायरने हरकत घेतली, तेव्हा मॅनेजरने खिशातून करारपत्र काढून दाखवलं.

इथे नियम समजून घेण्यासारखा आहे. स्ट्राइकचा टापू बॅटरच्या उंचीवर ठरतो. गडेल वाकून उभा राहिल्यावर तो टापू जेमतेम काही इंचांचा उरला. पिचर बॉब केनचे चारही चेंडू वरून गेले: वॉक. गडेल पहिल्या बेसवर गेला, तिथे त्याच्या जागी दुसरा धावक आला, आणि कारकीर्द संपली. दुसऱ्याच दिवशी लीगच्या अध्यक्षांनी करार रद्द केला. पण नोंद राहिली. एकदा बॅटिंग, एकदा बेसवर. शंभर टक्के.

१३. प्रेक्षकांच्या दंग्यामुळे सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल करावा लागला, असं घडलंय?

दोन प्रसंग ठळक. ४ जून १९७४ला क्लीव्हलंडने बिअरचा ग्लास १० सेंटना विकला. नवव्या इनिंगमध्ये ५-५ अशी बरोबरी असताना झिंगलेला जमाव मैदानात घुसला आणि टेक्सास रेंजर्सचा मॅनेजर बिली मार्टिन आपल्या खेळाडूंना हातात बॅटी घेऊन सोडवायला धावला. सामना टेक्सासला. दुसरा १२ जुलै १९७९, शिकागो: डिस्को गाण्यांची रेकॉर्ड घेऊन या, ९८ सेंटमध्ये आत या, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्या रेकॉर्डी मैदानात स्फोटाने उडवू. उडवल्या. मैदानाची इतकी दुर्दशा झाली की दुसरा सामना खेळताच आला नाही आणि डेट्रॉइटला बहाल झाला. व्हाइट सॉक्सचा मालक? प्रश्न १२मधलाच बिल व्हेक.

१४. बारा इनिंग परफेक्ट टाकून हरलेला पिचर कोण?

हार्वे हॅडिक्स, पिट्सबर्ग पायरेट्स. २६ मे १९५९ला मिलवॉकीमध्ये त्याने नऊ इनिंगमध्ये २७ बाद केले. पण त्याच्या संघालाही धाव करता येईना. दहावी, अकरावी, बारावी: सलग ३६ बाद. समोरच्या लू बर्डेटला पायरेट्सने १२ हिट मारल्या, तरी धाव शून्य.

तेराव्या इनिंगमध्ये पायरेट्सच्या तिसऱ्या बेसवरच्या फिल्डरने चुकीचा थ्रो केला आणि परफेक्ट गेम गेला. मग एक बंट (बॅट नुसती आडवी धरून हळूच टाकलेला चेंडू), हँक ॲरनला मुद्दाम वॉक, आणि ज्यो ॲडकॉकने चेंडू कुंपणाबाहेर भिरकावला. होम रन, म्हणजे ३-० असणार? नाही. चेंडू बाहेर गेला हे ॲरनच्या लक्षातच आलं नाही. विजयी धाव झाली असं समजून तो मध्येच डगआउटकडे वळला. ॲडकॉक त्याला ओलांडून पुढे गेला, म्हणून ॲडकॉक बाद, होम रनचा डबल (दोन बेसचा फटका) झाला आणि निकाल १-०.

पुढे १९९१मध्ये मेजर लीगने व्याख्या घट्ट केली: सामना संपेपर्यंत हिट नसेल तरच नो-हिटर. त्यामुळे इतिहासातली बहुधा सर्वांत मोठी पिचिंग ना परफेक्ट गेमच्या यादीत आहे, ना नो-हिटरच्या.

१५. अंपायरने चूक कबूल केली, तरी परफेक्ट गेम परत दिला नाही. का?

२ जून २०१०, डेट्रॉइट. आर्मांडो गलार्रागाने २६ बाद केले होते. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड पहिल्या बेसवर उघड बाद असताना अंपायर जिम जॉइसने 'सेफ' दिला. तेव्हा असे निर्णय रिप्लेवर तपासायची सोय नव्हती. गलार्रागा नुसता हसला आणि पुढचा बॅटर बाद केला. रिप्ले पाहून जॉइसने जाहीर चूक मानली, पण आयुक्तांनी निकाल बदलला नाही. दुसऱ्या दिवशी संघाची यादी अंपायरला द्यायला गलार्रागाच आला, आणि जॉइसला अश्रू आवरले नाहीत. २०१४पासून रिप्लेची व्याप्ती वाढली. आज तोच निर्णय मिनिटाभरात फिरला असता.

मराठी वाचकांना इथे भाऊसाहेब निंबाळकर आठवतात. १९४८मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ला नऊ धावा कमी, आणि काठियावाडने पुढे खेळायलाच नकार दिला. फरक इतकाच, की तिथे रुसवा होता आणि इथे प्रामाणिक चूक.

१६. पहिल्याच बॅटरनंतर पिचरला हाकललं, तरी नो-हिटर?

२३ जून १९१७, बोस्टन. पिचर बेब रूथने पहिल्या बॅटरला वॉक दिला, अंपायरशी हुज्जत घातली, बाहेर काढल्यावर त्याच्यावर हात उगारला. बदली आलेल्या अर्नी शोअरच्या वेळी तो धावक बेस चोरताना बाद झाला आणि शोअरने पुढचे २६ ओळीने परत पाठवले. अनेक वर्षं हा परफेक्ट गेम मानला जायचा. प्रश्न १४मधल्या १९९१च्या फेरतपासणीनंतर तो दोघांचा मिळून नो-हिटर ठरला. म्हणजे एकालाही बाद न करता रूथचं नाव नो-हिटरच्या यादीत.

१७. बॅटला काहीतरी चिकट लावल्याने होम रन रद्द झाला, ते प्रकरण काय?

पकड घट्ट व्हावी म्हणून बॅटर बॅटला पाइन टार लावतात. मुठीकडून १८ इंचांच्या वर लावायचं नाही, असा नियम. २४ जुलै १९८३ला कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने नवव्या इनिंगमध्ये होम रन मारून यांकीजवर ५-४ आघाडी मिळवली. यांकीजच्या मॅनेजरने बॅट तपासायला लावली. अंपायरने ती १७ इंच रुंदीच्या होम प्लेटवर आडवी ठेवून मोजली आणि ब्रेटला बाद दिलं. ब्रेट डगआउटमधून ज्या अवताराने धावत आला ते दृश्य एकदा पाहाच.

लीगच्या अध्यक्षांनी निर्णय फिरवला: बॅट काढून घ्या, धावा राहू द्या. १८ ऑगस्टला सामना तिथूनच पुढे सुरू झाला. यांकीजने अपील केलं, की ब्रेटने बेसला पाय लावलाच नव्हता; आज अंपायर वेगळे आहेत, त्यांना काय माहीत! त्यावर अंपायरने जुन्या अंपायरांचं सहीशिक्क्याचं प्रतिज्ञापत्रच पुढे केलं. कॅन्सस सिटी ५-४ने जिंकली. तो मॅनेजर म्हणजे, होय, प्रश्न १३मधला बिली मार्टिन.

१८. एकच खेळाडू एका सामन्यात दोन्ही संघांकडून कसा खेळू शकतो?

२६ जून २०२४ला बोस्टनमध्ये टोरांटोचा डॅनी जॅन्सन बॅटिंग करत असतानाच पावसाने सामना थांबला. जुलैअखेर टोरांटोने त्याला बोस्टनलाच देऊन टाकलं. २६ ऑगस्टला सामना जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला: जॅन्सनची अर्धवट बॅटिंग पुरी करायला टोरांटोचा बदली बॅटर, आणि त्याच्या मागे कॅचर म्हणून बोस्टनच्या जर्सीत खुद्द जॅन्सन. मेजर लीगमध्ये असं पहिल्यांदाच झालं.

१९. पदार्पणाच्या आधी होम रन? हे तर अशक्यच ना?

प्रश्न १८मधल्या नियमाचाच हा पुढचा पेच. थांबवलेल्या सामन्यातली कामगिरी मूळ तारखेला नोंदवली जाते. वॉशिंग्टनचा हुआन सोटो २० मे २०१८ रोजी पहिला सामना खेळला. १५ मेचा, पावसाने अर्धवट राहिलेला यांकीजविरुद्धचा सामना १८ जूनला पुढे खेळवला गेला, त्यात सोटोला उतरवलं आणि त्याने होम रन मारला. नोंदवहीत तारीख पडली १५ मे. म्हणजे त्याचा हा होम रन त्याच्या पहिल्या सामन्याच्या पाच दिवस आधीचा, आणि तोही अधिकृत.